बॉम्ब पडले ते कोणाच्या अंगावर?

अमेरिका आणि सोव्हिएत संघ चाळीस वर्षे एकमेकांसमोर दंड थोपटून उभे होते, पण त्यांनी एकमेकांवर एकही अणुबॉम्ब टाकला नाही, असे जगाला मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. आमच्याकडच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांतही शीतयुद्धाचे प्रकरण याच थाटात येते. तणाव होता, हेरगिरी होती, शस्त्रस्पर्धा होती, पण प्रत्यक्ष युद्ध टळले! कोणाचे टळले? या काळात अमेरिकेने हजाराहून अधिक अणुस्फोट केले आणि सोव्हिएत संघाने सातशेहून अधिक. त्यांतला एकही वॉशिंग्टनवर झाला नाही, एकही मॉस्कोवर झाला नाही. ते झाले पॅसिफिक महासागरातल्या मासेमारांच्या बेटांवर. ते झाले कझाख मेंढपाळांच्या कुरणांवर, पश्चिम शोशोनी आदिवासी आजही आपली म्हणतात त्या नेवाडाच्या जमिनीवर, आणि नेनेत्स आदिवासी कुटुंबांना हुसकावून रिकाम्या केलेल्या नोवाया झेम्ल्या बेटांवर. याच नोवाया झेम्ल्यावर ३० ऑक्टोबर १९६१ रोजी ५० मेगाटनांचा, आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब फोडला गेला. या लोकांचे ना अमेरिकेशी वैर होते, ना रशियाशी. कोणाचा साम्यवाद आणि कोणाची भांडवलशाही, याच्याशी पॅसिफिकमधल्या रोंगेलाप बेटावरच्या कोळ्याला काय देणेघेणे? पण दोन दांडग्यांनी एकमेकांना भिववण्यासाठी जे बॉम्ब तयार केले, ते त्याच्या डोक्यावर फुटले. हा गुन्हा आहे. तो दोन्ही महासत्तांनी केला, जाणूनबुजून केला, आणि दोघींनी तो दडवला.

हे आज लिहिण्याला कारण आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी इतर देशांच्या बरोबरीने अण्वस्त्रांच्या चाचण्या सुरू करण्याचा हुकूम दिल्याचे जाहीर केले. आठवडा उलटला नाही तोच रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी आपल्या अधिकाऱ्यांकडून चाचणीच्या तयारीचे प्रस्ताव मागवले. सर्वंकष चाचणीबंदी कराराला दिलेली मान्यता रशियाने २०२३ मध्येच काढून घेतली होती. अमेरिकेने त्या करारावर १९९६ मध्ये सही केली, पण तिच्या सिनेटने तो कधी मंजूरच केला नाही. दोघांच्या शस्त्रसाठ्यांना लगाम घालणारा शेवटचा मोठा करार म्हणजे ‘न्यू स्टार्ट’, आणि त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. म्हणजे जे कुंपण होते तेही उखडले जात आहे. अशा वेळी चाचणी म्हणजे काय असते, ते एका बेटाच्या हकिगतीतून सांगणे आम्हाला भाग आहे.

फेब्रुवारी १९४६. रविवारची प्रार्थना आटोपून मार्शल बेटांतल्या बिकिनी बेटावरची माणसे जमली होती. अमेरिकेचा लष्करी गव्हर्नर कमोडोर बेन वायट त्यांच्यापुढे उभा राहिला. मानवजातीच्या कल्याणासाठी, जगातली सारी युद्धे संपवण्यासाठी तुमचे बेट आम्हाला तात्पुरते द्या, असे त्याने मागितले. भाविक माणसांपुढे देवाधर्माची भाषा करून त्यांचे घर काढून घेतले गेले. १६७ माणसे बोटीत चढली. त्यांना ज्या रोंगेरिक बेटावर नेऊन सोडले तिथे पोटापुरते अन्न नव्हते. दोन वर्षांत ती उपासमारीने खंगली. मग क्वाजालीन, मग किली. आज त्या ‘तात्पुरत्या’ला ऐंशी वर्षे होत आली. त्यांच्या बेटावर आणि एनेवेटाक बेटावर मिळून १९५८ पर्यंत ६७ अणुस्फोट झाले. आणि १९४७ पासून ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात होती ती संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त म्हणून! तेथील रहिवाशांच्या जमिनीचे आणि आरोग्याचे रक्षण करू, असे लेखी वचन देऊन घेतलेला हा कारभार होता.

१ मार्च १९५४ च्या पहाटे बिकिनीवर ‘ब्राव्हो’ नावाचा हायड्रोजन बॉम्ब उडवण्यात आला. अंदाज होता सहा मेगाटनांच्या आसपासचा. निघाला १५ मेगाटनांचा, हिरोशिमाच्या हजारपट. शास्त्रज्ञांचे गणित चुकले, असे सांगून आजही हात झटकले जातात. गणित चुकले असेल. पण वारा रोंगेलापच्या दिशेने वळतो आहे, ही माहिती आदल्या मध्यरात्रीच्या बैठकीत अधिकाऱ्यांपुढे आली होती. ती बाजूला सारून स्फोट केला गेला. १९४६ च्या त्या मानाने लहान स्फोटांच्या वेळी याच रोंगेलापच्या लोकांना खबरदारी म्हणून हलवले होते. या वेळी, शेकडोपट मोठ्या बॉम्बच्या वेळी, त्यांना साधा निरोपही गेला नाही.

पश्चिमेला सूर्य उगवावा तसा उजेड झाला. मग गडगडाट आला, मग तापलेला वारा. काही तासांनी आभाळातून पांढरी भुकटी पडू लागली. ती होती उडालेल्या प्रवाळाची किरणोत्सर्गी राख. मुलांनी असे काही कधी पाहिले नव्हते. ती त्यात खेळली, ती अंगाला फासली, काहींनी चाखूनही पाहिली. खोबरेल तेल लावलेल्या केसांवर ती चिकटून बसली. पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्यांत पडली, अन्नावर पडली. रात्रीपर्यंत अंगभर खाज, डोळ्यांची आग, उलट्या. दुसऱ्या दिवशी दोन अधिकारी मोजणीचे यंत्र घेऊन आले, पाणी पिऊ नका म्हणाले आणि निघून गेले. रोंगेरिकवर अमेरिकेचे २८ सैनिक हवामानाच्या नोंदी घेत होते. त्यांना आधी उचलले. रोंगेलापच्या ६४ माणसांसाठी जहाज आले ते तिसऱ्या दिवशी. तोवर ती माणसे तेच पाणी पीत होती, त्याच राखेत झोपत होती.

पुढच्या दिवसांत केसांचे पुंजके हातात येऊ लागले. मानेवर, पावलांवर भाजल्यासारखे व्रण उमटले. आणि ११ मार्च रोजी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने पत्रक काढले की कोणी भाजलेले नाही, सर्वांची प्रकृती ठीक आहे. हे पत्रक लिहिणाऱ्यांना आम्ही खोटारडे म्हणतो. जपानच्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी नौकेवरचे २३ खलाशीही त्याच राखेत सापडले होते. ते घरी पोचले, म्हणून जगाला खरे कळले. त्यांच्यातले आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले.

पण सर्वांत अघोर प्रकार पुढे आहे. या आजारी माणसांवर ‘प्रोजेक्ट ४.१’ या नावाने एक अभ्यास सुरू झाला. किरणोत्सर्गात सापडलेल्या माणसाच्या शरीराचे काय होते, हे टिपून ठेवणारा गुप्त अभ्यास! १९५७ मध्ये रोंगेलापच्या लोकांना बेट सुरक्षित असल्याचे सांगून त्याच दूषित मातीत परत नेऊन सोडले. आदल्या वर्षी आयोगाच्या एका बैठकीत मेरिल आयझेनबड हे अधिकारी म्हणाले होते की, अशा दूषित जागी राहणाऱ्या माणसांची माहिती मिळवणे फार मोलाचे ठरेल. हे लोक आपल्यासारखे सुसंस्कृत नसतील, पण उंदरांपेक्षा तरी आपल्याला जवळचे आहेत. हे कोणा शत्रूने रचलेले नाही, बैठकीच्या नोंदीत आहे. दरवर्षी डॉक्टर येत, रक्त काढून नेत. मुलांच्या गळ्यांत थायरॉइडच्या गाठी आल्या. आकार नसलेले, हाडे नसलेले गोळे आपल्या पोटी जन्मल्याचे तिथल्या बायांनी पुढे जगासमोर उभे राहून सांगितले. राख पडली तेव्हा एक वर्षाचा असलेला लेकोज अंजाइन १९७२ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. अखेर १९८५ मध्ये बेटकऱ्यांनी आपले बेट स्वतःच सोडले. न्यायला अमेरिकेचे जहाज आले नाही, ग्रीनपीसचे ‘रेनबो वॉरियर’ आले. दोन महिन्यांत तेच जहाज फ्रान्सच्या हस्तकांनी ऑकलंडच्या बंदरात सुरुंग लावून बुडवले, कारण ते फ्रान्सच्या अणुचाचण्यांच्या आड येत होते. अण्वस्त्रवाल्यांची जात एकच.

हे वाचून आमच्यातले काही डावे मित्र म्हणतील, पाहा, हे साम्राज्यवादी अमेरिकेचे पाप. त्यांनी तसेच पुढे कझाखस्तानात यावे.

२९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमिपलातिन्स्कच्या माळरानावर सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब फोडला. देखरेख सोव्हिएत नेता लाव्हरेन्ती बेरिया याची. शास्त्रज्ञांचा म्होरक्या कुर्चातोव्ह. सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचे हे मैदान ओसाड आहे, असे कागदावर ठरवून टाकले होते. ओसाड! कझाखांचा महाकवी अबाय कुनानबायेव ज्या मातीत जन्मला, ती ही माती. भोवती गावे होती, मेंढ्यांचे कळप होते, शाळा होत्या. पहिल्या स्फोटाचा ढग दोलोन गावावरून गेला. गावाला कोणी सावध केले नव्हते, कोणाला हलवले नव्हते. १९४९ ते १९८९ या चाळीस वर्षांत इथे ४५६ स्फोट झाले, त्यांतले ११६ उघड्या आभाळाखाली. ऑगस्ट १९५३ मध्ये ४०० किलोटनांचा बॉम्ब फोडताना काराउल गाव रिकामे केले, पण चाळीसेक माणसांना मागेच ठेवले. ती माणसे स्फोट पाहत उभी राहिली. हा केवळ गलथानपणा होता, यावर गावाने कधी विश्वास ठेवला नाही, आमचाही नाही. कामगार-शेतकऱ्यांचे राज्य म्हणवणाऱ्यांनी आपल्याच शेतकऱ्यांशी हे केले.

आणि इथेही डॉक्टर आले. १९५७ मध्ये सेमिपलातिन्स्क शहरात एक दवाखाना उघडला. दारावर पाटी होती ब्रुसेलोसिसविरोधी दवाखाना क्रमांक ४. ब्रुसेलोसिस म्हणजे गुराढोरांपासून माणसाला होणारा ताप. मेंढपाळांच्या मुलखात अशा पाटीचा संशय कोणाला येणार? आत तपासणी चालत होती ती किरणोत्सर्गाची. माणसे रांगेत उभी राहत, रक्त देत, कपडे उतरवून तपासून घेत आणि काही झालेले नाही असे ऐकून घरी जात. त्यांचे आजार मॉस्कोला कळत होते. त्यांना स्वतःला कळत नव्हते. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा त्या नोंदींतल्या बऱ्याचशा मॉस्कोला गेल्या किंवा नष्ट झाल्या.

अमेरिकेचा प्रोजेक्ट ४.१ आणि रशियाचा दवाखाना क्रमांक ४. आकडाही दोघांचा चारच! एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेल्या दोन राज्यव्यवस्था, एकीच्या तोंडी स्वातंत्र्य, दुसरीच्या तोंडी समता. आणि दुबळ्या माणसाच्या शरीरावर त्यांनी एकच गोष्ट केली. आधी जाळले, मग मोजत बसले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच. १९८८ मध्ये तर याची परिसीमा झाली. एकमेकांच्या बॉम्बची ताकद मोजण्याची पद्धत ठरवायला सोव्हिएत शास्त्रज्ञांना नेवाडात नेले गेले आणि अमेरिकन शास्त्रज्ञांना सेमिपलातिन्स्कमध्ये. ऑगस्टमध्ये नेवाडात स्फोट, सप्टेंबरमध्ये सेमिपलातिन्स्कमध्ये स्फोट, दोन्हींना शत्रूपक्षाचे पाहुणे हजर. ज्या मैदानाची माहिती विचारण्याची शेजारच्या गावाला मुभा नव्हती, तिथे शत्रूच्या माणसाचे स्वागत झाले. तेव्हा या भांडणात खरा परका कोण होता?

नेवाडात अमेरिकेने आपल्याच गोऱ्या, देशभक्त खेडुतांनाही सोडले नाही. १९५३ च्या स्फोटांनंतर शेजारच्या युटातल्या मेंढपाळांच्या मेंढ्या हजारोंनी मेल्या. ते न्यायालयात गेले, हरले. ज्या न्यायाधीशाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, त्यानेच १९८२ मध्ये सरकारने न्यायालयाची फसवणूक केली होती असा निर्वाळा दिला. तोही वरच्या न्यायालयाने फिरवला.

इतके सांगितले की शहाणे लोक आपला ठेवणीतला युक्तिवाद काढतात. ते म्हणतात, भयाच्या या तोलानेच तर तिसरे महायुद्ध टळले. मोठ्या संहारापुढे हे नुकसान थोडे. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान या नावांनंतर युद्ध टळल्याची भाषा कोणी करू नये, हे एक. दुसरे म्हणजे, ज्या माणसांना न विचारता, न सांगता, खोटे बोलून या तोलाच्या पारड्यात टाकले, त्यांच्या वतीने ‘थोडे’ ठरवण्याचा हक्क कोणाला पोचतो? तोल राखायचाच होता, तर बॉम्ब आपापल्या राजधानीच्या वेशीवर फोडायचे होते. ते कोणी केले नाही. कारण राख कुठे पडते, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते.

बरे, झाले ते झाले, आता भरपाई तरी? एनेवेटाकमधल्या रुनित बेटावर १९५८ च्या एका स्फोटाने पडलेला खड्डा आहे. १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेने इतर बेटांवरची दूषित माती, प्लुटोनियमसकट, त्या खड्ड्यात ओतली आणि वर सुमारे ४६ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे झाकण घातले. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. भरती-ओहोटीबरोबर खालून पाणी आत-बाहेर करते आणि समुद्राची पातळी वर्षागणिक चढते आहे. १९८६ च्या करारात अमेरिकेने १५ कोटी डॉलरचा निधी दिला आणि सगळे दावे मिटल्याचे लिहून घेतले. त्याच कराराने नेमलेल्या न्यायाधिकरणाने नुकसानभरपाई ठरवली ती २०० कोटी डॉलरहून अधिक. निधी आटला, न्यायाधिकरण पैशावाचून बंद पडले, ठरवलेली रक्कम आजही पुरती दिलेली नाही. बिकिनीकरांचा दावा ऐकायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नकार दिला. तोंडाला पाने पुसणे म्हणजे काय, हे मार्शल बेटांवरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. शेजारचे क्वाजालीन तर आजही मोकळे नाही. कॅलिफोर्नियातून सोडलेली क्षेपणास्त्रे तिथल्या पाण्यात येऊन पडतात. त्या तळावर राबणारे मार्शलकर संध्याकाळी बोटीने एबाय नावाच्या इवल्याशा बेटावर परततात, जिथे सुमारे ऐंशी एकरांत हजारो माणसे दाटीवाटीने राहतात.

तरीही हे थांबवता येते, आणि एकदा थांबवलेही गेले आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये सेमिपलातिन्स्कच्या भूमिगत स्फोटांतून किरणोत्सर्गी वायू बाहेर आला. त्याच महिन्यात कवी ओल्झास सुलेमेनोव्ह दूरचित्रवाणीवर बोलायला उभे राहिले, तेव्हा हातातली कविता बाजूला ठेवून त्यांनी लोकांना लढ्याचे आवाहन केले. दोन-तीन दिवसांत तेव्हाच्या राजधानीत, अल्मा-आतात, माणसे लोटली. चळवळीला नाव दिले ‘नेवाडा-सेमिपलातिन्स्क’, कारण पलीकडच्या नेवाडातले शोशोनी आणि आपण एकाच वरवंट्याखाली आहोत, हे त्या कझाखांना उमगले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेवटचा स्फोट झाला. २९ ऑगस्ट १९९१ रोजी मैदानाला कायमचे टाळे लागले. पुढे कझाखस्तानने आपल्या भूमीवरची चौदाशेच्या आसपास अण्वस्त्रे हातावेगळी केली. महासत्तांना जे चाळीस वर्षांत सुचले नाही, ते मेंढपाळांच्या देशाने करून दाखवले.

आणि आपण? ब्राव्होनंतर महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत उभे राहून मागणी केली की निदान स्फोट तरी ताबडतोब थांबवा. तेव्हा भारताकडे ना पैसा होता, ना बॉम्ब. पण दोन्ही महासत्तांना तोंडावर सांगण्याची धमक होती. आता साठ वर्षांनंतरचे पाहा. २०१४ मध्ये मार्शल बेटांनी नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. आजोबांबरोबर मासे पकडत असताना नऊ वर्षांच्या ज्या मुलाने ब्राव्होचा उजेड पाहिला होता, तो टोनी डि ब्रुम त्या देशाचा परराष्ट्रमंत्री होऊन ही लढाई लढत होता. भारताने तिथे काय केले? या न्यायालयाला आमचा खटला चालवण्याचा अधिकारच नाही, असा पवित्रा घेतला. ऑक्टोबर २०१६ मध्ये नऊ विरुद्ध सात मतांनी भारत सुटला. हा विजय मिरवण्यासारखा नव्हता. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रबंदीच्या कराराची बोलणी झाली. चाचण्यांत पोळलेल्या माणसांना मदत आणि त्यांच्या भूमीची सफाई हे कर्तव्य मानणारा करार तो. त्या बोलण्यांना भारत गेलाच नाही.

आमच्या सीमेवर अण्वस्त्रधारी शेजारी आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचा विचार न करता लिहिण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण चाचण्या न करण्याचा शब्द भारताने १९९८ पासून स्वखुशीने पाळला आहे. तेवढ्या बळावर तरी आज बोलता येते. मग दिल्ली मूग गिळून का बसली आहे? वॉशिंग्टनशी व्यापार आहे म्हणून? मॉस्कोचे तेल आहे म्हणून? भारताने जिथे चाचण्या केल्या त्या पोखरणजवळच्या खेतोलईचे गावकरी आपल्या आजारांविषयी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. त्यांच्या आरोग्याची तपासणी उघडपणे, त्यांच्या हाती कागद देऊन व्हावी, म्हणजे दुसऱ्यांना विचारताना आपली मान खाली जाणार नाही.

सरकारने संसदेत ठराव आणावा. अमेरिकेने, रशियाने आणि चीननेही एकही अणुस्फोट करू नये, अमेरिकेने आणि रशियाने अनुक्रमे प्रोजेक्ट ४.१ च्या आणि दवाखाना क्रमांक ४ च्या सगळ्या नोंदी त्या माणसांच्या वारसांच्या हाती द्याव्यात. अमेरिकेने मार्शल बेटांना न्यायाधिकरणाने ठरवलेली पै न् पै चुकती करावी. ठराव नावे घेऊन असावा, दोन्ही राजधान्यांची. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांपैकी तो मांडायला कोण उठतो आणि कोण बसून राहतो, हे आम्ही या पानावर नावानिशी छापू.